पान उजेडाला धरून

पहाटे ५.१५

जाग आली की आधी कान पत्र्याकडे जातात. थेंब वाजतोय की थांबलाय? आज वाजतोय. चार दिवस झाले, सूर्य दिसलेला नाही. मधूनच भुरभुर येते, थांबते, पुन्हा येते. सांगोल्याच्या या माणदेशी टापूत पाऊस म्हणजे मागून न मिळणारी गोष्ट. बाजरीवाला या दिवसांत आभाळाला हात जोडतो. डाळिंबवाला मात्र रात्रभर कूस बदलत पडलेला असतो. मृग बहाराची फळं आता लिंबाएवढी ते पेरूएवढी झालीत, पालवी कोवळी आहे, हवेतली ओल ८० टक्क्यांच्या वर आणि तापमान २८ ते ३० अंशांच्या घरात. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूला याहून चांगले दिवस वर्षात येत नाहीत.

चहा उकळेपर्यंत फोन बघते. रात्रीतून १९ फोटो आलेत. हिरव्या फळावर काळा ठिपका, पानावर काळा ठिपका, फांदीवर काळा ठिपका. खाली एकच ओळ, ‘मॅडम, तेल्या हाय का न्हाई तेवढं सांगा.’ मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते. फोटोवरून सांगता येत नाही, ताजी डागाळलेली पानं आणि फळं वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आणि शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली ते लिहून आणा.

पूर्वी मी फोटोवरून सांगायची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बागायतदाराने तीन फोटो पाठवले. बारीक काळपट ठिपके होते, तडा नव्हता. बुरशीचे ठिपके वाटतात, असं मी लिहून टाकलं आणि बुरशीनाशक सुचवलं. बाराव्या दिवशी त्याच्या बागेत उभी होते तेव्हा झाडाखाली फळांचा सडा पडला होता. तो तेल्याच होता, नुकता सुरू झालेला, आणि ते बारा दिवस माझ्या उत्तराने खाल्ले होते. तो माणूस मला एक शब्दही बोलला नाही. त्याच्या आईने पाणी आणून दिलं. ते पाणी मला अजून आठवतं.

सकाळी ७.००

आजची पहिली बाग दोन एकरांची, भगवा वाण, पाच वर्षांची झाडं. मालक टेम्पोवर असतात, बाग त्यांच्या बायको बघतात. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. बांधावर उतरले तेव्हा त्या डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन उभ्याच होत्या.

“त्या झाडाला चिंधी बांधलीय,” लांबूनच म्हणाल्या.

रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या झाडाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली. चार दिवसांपूर्वी पानावर ‘तेलाचा थेंब सांडल्यागत’ काहीतरी दिसलं म्हणून त्यांनी खूण करून ठेवली होती. औषध मारलं नाही, कुणाला विचारलं नाही, चिंधी बांधण्यापलीकडे झाडाला हातही लावला नाही. पाऊस उघडला की मॅडमला दाखवायचं, एवढंच ठरवलं. एवढं शहाणपण मी पदवीधर बागायतदारांतही क्वचित बघितलंय.

ओल्या बागेत शिरताना मी चिंधीच्या झाडाकडे सरळ जात नाही. आधी निरोगी बाजू बघायची, आजारी झाड शेवटी. ओल्या पानांना घासलेली बाही, चिखलाचे बूट, हातातली कात्री, यांवर बसून हा जिवाणू ओळीतून ओळीत फिरतो. म्हणून फेरी उलटीकडून सुरू केली. ताई मागे चालत होत्या.

कोपऱ्यातल्या झाडाशी आल्यावर एक पान देठासकट खुडलं आणि ढगाळ का होईना, पण पूर्वेच्या उजेडाला धरलं. माझ्या कामातली ही सगळ्यात जुनी आणि फुकटातली तपासणी. पान खाली धरलं तर ठिपका नुसता काळपट दिसतो. उजेडाला धरलं की खरा चेहरा कळतो. मध्ये गडद, भोवती ओलसर पारदर्शक कडा, वर्तमानपत्रावर भजी ठेवल्यावर कागद होतो तशी, आणि तिच्याही बाहेर पिवळसर वलय. त्या तेलकट कडेमुळेच या रोगाला तेल्या म्हणतात. कुणा शास्त्रज्ञाने बसवलेलं हे नाव नाही, बागेत राबणाऱ्याच्या डोळ्याने दिलेलं आहे, आणि इतकं नेमकं नाव मला दुसऱ्या कुठल्या रोगाचं माहीत नाही.

मग फळं बघितली. एकाच फळावर तीन वयांचे डाग होते. टाचणीच्या डोक्याएवढा ओलसर हिरवट-काळा ठिपका, त्याच्या शेजारी मसुराएवढा तपकिरी, थोडा उंचावलेला, चकाकणारा, आणि देठाजवळ एक मोठा, ज्याला इंग्रजी वाय अक्षरासारखा तडा गेलेला. हे वयांचं मिश्रण माझ्यासाठी फार बोलकं असतं. जिवाणू वाढतो आहे, पसरतो आहे, रोज नवं घर करतो आहे, असा त्याचा अर्थ. औषधाने भाजलं असेल तर सगळे डाग एका दिवशी जन्मलेले दिसतात.

“मॅडम, वर काय बघताय?” ताईंनी विचारलं.

डागाळलेलं फळ सापडलं की त्याच्या वरची फांदी बघायची, कारण पाऊस वरून खाली गळतो. फळाच्या वीतभर वर, एका डोळ्यापाशी, साल काळी पडून खचलेली दिसली. नखाने कुरतडली तर आत तपकिरी. हा यंदाचा डाग नव्हता, गेल्या हंगामातला होता. ताण, छाटणी, पानगळ सगळं पार करून जिवाणू या एका खड्ड्यात दबा धरून बसला होता आणि पावसाच्या थेंबाथेंबाने खाली उतरला. त्या फांदीखालची सहा फळं डागाळलेली होती, झाडाच्या दुसऱ्या बाजूची स्वच्छ होती.

“गेल्या वर्षी छाटणी कुणी केली?”

“टोळी आलती. शेजारच्या गावातनं थेट हिकडंच आली.”

“सुरुवात कुठनं केली?”

ताईंनी चिंधीकडे बोट दाखवलं. रस्त्याकडचा कोपरा, पहिलं झाड. कात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवली असती तर हे झाड कदाचित वाचलं असतं. कदाचितच म्हणते, कारण कात्रीवर कुणाची सही नसते.

चिंधीच्या झाडापासून पुढे आणखी दोन झाडांवर बारीक ठिपके सापडले. माझी खात्री होत आली होती, पण तोंडातून शब्द काढला नाही. सहा पानं, दोन फळं आणि ती फांदी वेगवेगळ्या कागदात गुंडाळली. दुपारी फोन करते म्हटलं. ताईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

सकाळी १०.००

तपासणी केंद्रावर पोहोचले तर व्हरांड्यात नऊ माणसं आणि टेबलावर पिशव्यांचा ढीग. अर्ध्या पिशव्या प्लॅस्टिकच्याच. मोटारसायकलच्या डिकीत दोन तास उकडलेलं पान तपासायला घेतलं की त्यावर कुजकट जिवाणूंची जत्रा भरलेली असते आणि खरा आरोपी गर्दीत हरवतो. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, गाव, वाण, बहार, लागवडीचं वर्ष, शेवटची फवारणी. हे लिहून घ्यायला अर्धा तास जातो आणि लोक चुळबुळतात. पण काल ताम्रयुक्त औषध मारलेल्या पानातून आज जिवाणू काढणं अवघड असतं हे मला ठाऊक आहे. ‘आढळला नाही’ असा अहवाल हातात देऊन त्या माणसाला खोट्या भरवशावर घरी पाठवायची माझी तयारी नाही.

तेल्याची भारतातली पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीतली. पुढची कित्येक दशकं तो किरकोळ रोगांच्या यादीत खाली पडून होता. २००२-०३ नंतर मात्र महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या डाळिंब पट्ट्यात तो असा उसळला की लोकांनी उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं ते याच काळात. याच सांगोला तालुक्यातून २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. त्या डब्यांकडे बघताना मला वाटलं होतं, यातल्या डाळिंबाच्या प्रत्येक क्रेटमागे कुणीतरी पान उजेडाला धरून बघितलेलं असणार.

सकाळी ११.१५

आता दार लावून घेते. हा माझ्या दिवसातला सगळ्यात आवडता तास.

ताईंच्या पानावरचा एक मध्यम वयाचा ठिपका निवडला. अगदी जुना, वाळलेला घ्यायचा नाही, त्यात जिवाणू मेलेला असू शकतो. नव्या ब्लेडने ठिपक्याची कडा अशी कापली की अर्धा भाग आजारी, अर्धा हिरवा. तुकडा असेल तीन-चार मिलिमीटरचा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात तो तुकडा, वर झाकणकाच. शंभर पट मोठं करून बघायचं आणि नजर कापलेल्या कडेवर ठेवायची.

पहिली वीस-तीस सेकंदं काहीच होत नाही. पेशींच्या भिंती, हिरवे कण, एखादा हवेचा बुडबुडा. नवशिके इथेच फसतात. बुडबुड्याची कडा काळी आणि ठसठशीत असते, हिरवे कण सुटे सुटे तरंगतात. थांबायचं. मग कापलेल्या कडेच्या एका शिरेतून काहीतरी हलायला लागतं. पहिल्यांदा वाटतं, डोळ्यांचा भास आहे. हळूहळू ती धार जाडावते. संथ पाण्यात दुधाचा थेंब सोडावा आणि तो खाली ओघळत पसरत जावा, तसा एक धुरकट लोट कडेतून बाहेर पडतो, वळतो, पुढे सरकतो, आणि मागून येतच राहतो. त्या लोटाला आतून एक बारीक थरथर असते. एवढ्या मोठेपणात जिवाणू एकेकटा दिसत नाही, त्यांची झुंड दिसते. मसुराएवढ्या ठिपक्यात दडलेली.

बुरशीच्या डागातून असा लोट कधीच येत नाही. तिथे धागे दिसतील, बीजाणू दिसतील. सर्कोस्पोरा बुरशीचे ठिपके तेल्यासारखेच पिवळं वलय घेऊन येतात आणि भल्याभल्यांना चकवतात, पण पाण्याच्या थेंबात ठेवले की मुके राहतात. दोन मिनिटांची, दोन रुपयेही न लागणारी ही तपासणी. औषधाच्या कोणत्या डब्याचं झाकण उघडायचं आणि कोणतं बंद ठेवायचं, हे ती सांगते.

हा लोट बघताना मला दर वेळी थॉमस बरिल आठवतात. इलिनॉयच्या विद्यापीठात शिकवणारे बरिल १८७८ च्या सुमारास नासपतीच्या करपलेल्या फांद्यांतला चिकट स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते आणि त्यांना त्यात हलणारे जीव दिसले. झाडाला जिवाणूमुळे रोग होतो, असं तेव्हा कुणी मानत नव्हतं. पुढे वीस वर्षांनीही जर्मनीतले आल्फ्रेड फिशर ते नाकारत होते आणि अमेरिकेतले एर्विन स्मिथ पुराव्यांची चवड रचून त्यांच्याशी भांडत होते. फळझाडाच्या एका फांदीवरून विज्ञानाची एक शाखा उभी राहिली. आणि आज सांगोल्यात मी तोच लोट बघतेय, तोच थेंब, तसंच थांबून राहणं.

ताईंच्या तीनही झाडांच्या पानांतून धार आली. वहीत लिहिलं.

दुपारी १२.४०

एक आजोबा कागदी लिंबाची फांदी घेऊन आले. पानावर दोन्ही बाजूंनी उंचावलेले, बुचासारखे खरखरीत फोड आणि भोवती पिवळं वलय. हा खैऱ्या, ओळखायला सोपा. पानांवर नागअळीने काढलेली चांदीसारखी वेडीवाकडी रेघही होती. त्या जखमेतून खैऱ्याचा जिवाणू सहज आत शिरतो, म्हणून आधी नागअळीचा बंदोबस्त.

आजोबांची खरी काळजी वेगळीच होती. “लिंबावरनं डाळिंबावर जाईल का ओ?” प्रश्न रास्त होता. या दोन जिवाणूंचं गोत्र एकच, झँथोमोनास, आणि अलीकडच्या वर्गीकरणात तर तेल्याच्या जिवाणूला खैऱ्याच्याच जातीत नेऊन बसवलंय. पण सख्खे असले तरी त्यांची चूल वेगळी आहे. एकाला लिंबूवर्गीय झाड लागतं, दुसऱ्याला डाळिंब. लिंबू तोडायची गरज नाही म्हटल्यावर आजोबांनी फांदी अशी सावरून पिशवीत ठेवली, जणू ती बरी झाली.

दुपारी २.००

डबा खाल्ला. पावसाने पुन्हा जोर धरला.

दुपारी २.२०

दारात एक पस्तिशीचा बागायतदार, डोळे तांबारलेले. एक एकर डाळिंब, अंगावर कर्ज, आणि पिशवीत डागाळलेली अकरा फळं. गेल्या आठ दिवसांत त्याने तीनदा प्रतिजैविक मारलं होतं. दुकानात फळ दाखवलं, दुकानदाराने लांबूनच ‘तेल्या’ म्हटलं आणि पाच बाटल्या काढून दिल्या. बिल त्याच्या खिशात होतं, ते मी वाचलं. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. डॉक्टर ताप न बघता सलाइन लावत नाही, मग झाडाला का लावायचं? प्रतिजैविकाचा मारा जितका वाढेल तितके त्याला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसांच्या आजारातलीही औषधं आहेत. त्यांचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस काढला तो उगाच नाही.

फळं टेबलावर मांडली. सगळ्या डागांचं वय एकच. सगळे फळाच्या खालच्या टोकाला, जिथे फवाऱ्याचा शेवटचा थेंब लोंबकळत राहतो. कडा कोरडी, तेलकटपणा नाही, तडा नाही. पानांची फक्त टोकं करपलेली. कडा कापून पाण्यात ठेवली, पाच मिनिटं थांबले. धार नाही. आणखी चार डाग कापले, तिथेही नाही.

“पहिलं काय मारलं होतं? डाग यायच्या आधी?”

“बोर्डो. पाऊस लागला म्हणून घरीच केलं.”

“चुना कुठला?”

“घरात हुता की. दोन दिवाळ्यांपूर्वी भिंतीला आणलेला.”

मी कपाटातून मोरचुदाचं निळं पाणी काढलं आणि त्यात एक स्वच्छ लोखंडी खिळा सोडला. दोघं बघत बसलो. थोड्या वेळाने खिळा बाहेर काढला तर त्यावर तांबडं पुट चढलेलं. “हे मोकळं तांबं,” मी म्हटलं. “ताज्या कळीच्या चुन्याने ते धरून ठेवायचं असतं. हवा लागून जुना झालेल्या चुन्यात तो जोर राहत नाही. मग हेच तांबं कोवळ्या फळाची साल भाजतं.” बोर्डो तयार झाल्यावर त्यात घासलेला विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी आहे असं समजायचं, हे पूर्वी घरोघर माहीत होतं. आणि एक टक्क्याचं मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे बागेच्या विश्रांतीच्या काळातलं प्रमाण आहे. फळं झाडावर असताना इतकं कडक नको.

तो बराच वेळ खिळा हातात फिरवत राहिला.

“म्हंजी तेल्या न्हाई?”

“आजच्या नमुन्यांत नाही. नवे डाग येतायत का, यावर आठ दिवस लक्ष ठेवा. आले तर पुन्हा घेऊन या. तोवर काहीही मारू नका.”

त्याने खिळा कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि विचारलं, नेऊ का? न्या म्हटलं.

दुपारी ३.४५

तीन दिवसांपूर्वी पेरलेल्या बशा उबवणीपेटीतून काढल्या. ही कामं रोजची, पण घाई चालत नाही. डागाचा तुकडा निर्जंतुक करून, पाण्यात चुरडून, ते पाणी पोषक माध्यमावर रेघा ओढत पसरवायचं आणि बशी २८ अंशांवर ठेवायची. तेल्याचा जिवाणू धिम्या चालीचा. कुजवणारे पाहुणे चोवीस तासांत बशीभर हुंदडतात, हा ४८ ते ७२ तासांनी उगवतो. म्हणून दुसऱ्या दिवशी जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आज एका बशीत हवी ती वसाहत आली होती. गोल, फुगीर, फिकट पिवळी, पाकात घोळल्यासारखी चकचकीत. झँथोमोनास या नावातच ग्रीक भाषेतला पिवळा आहे. काचपट्टीवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घेतला, वसाहतीचा कण दातकोरणीने उचलून त्यात घोळवला आणि काडी हळूच वर उचलली. एकतारी पाकासारखा धागा वर आला, सेंटीमीटरभर तरी, मग तुटला. या क्षाराने जिवाणूची पातळ भिंत फुटते, आतला डीएनए बाहेर सांडतो आणि चिकटतो. ज्यांची भिंत जाड असते त्यांचा धागा येत नाही. प्रशिक्षणाला आलेल्या दोन विद्यार्थिनी बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, “आई पुरणासाठी गुळाचा पाक असाच बघते.” मी तिला म्हटलं, मग तुला हे शिकवायची गरज नाही, हात आधीच तयार आहे.

धागा आला म्हणजे तेल्याच, असं मात्र नाही. असे धागे देणारे जिवाणू पुष्कळ. पक्कं करायचं तर डीएनए तपासणी, किंवा त्याच वसाहतीचं पाणी निरोगी रोपावर फवारून आठ-दहा दिवसांत तेच तेलकट ठिपके उमटतात का आणि त्यांतून तोच जिवाणू पुन्हा मिळतो का, हे बघणं. मागच्या दारी कापडाच्या आडोशाला सात रोपं त्यासाठीच ठेवलीत. आज पाचव्यावर पहिला ठिपका दिसला. विद्यार्थिनींना कुंडी उचलून पान उजेडाला धरायला लावलं.

संध्याकाळी ५.००

निकाल कळवायची वेळ. प्रयोगशाळेतलं काम अवघड असं कधी वाटलं नाही, हे वाटतं. तेल्या झाला एवढंच सांगून फोन ठेवला तर समोरचा माणूस थेट औषधाच्या दुकानात जातो, म्हणून पुढची दोन-तीन कामं त्याच दमात सांगायची असतात.

ताईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“ताई, तेल्या आहे. तीन झाडांवर.”

पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

“बरं,” त्या म्हणाल्या. “सांगा काय करू.”

सांगितलं. पाऊस थांबून पानं सुकल्यावरच बागेत शिरा. डागाळलेली फळं, पानं आणि ती काळी फांदी डागाच्या खाली दोन इंच निरोगी लाकूड धरून कापा. प्रत्येक कापाला कात्री द्रावणात बुडवा. जे कापाल ते झाडाखाली पडू देऊ नका, थेट गोणीत घाला. पडलेल्या पाल्यात हा जिवाणू महिनोन् महिने टिकतो. खाली पडलेलं सगळं वेचा आणि बागेबाहेर, पाण्याच्या उताराच्या बाजूला खड्डा घेऊन गाडा. फवारणी त्यानंतर, ती काय आणि किती ते लिहून पाठवते. आजूबाजूच्या झाडांवर रोज नजर ठेवा, नवा ठिपका दिसला की चिंधी बांधा. आणि पुढच्या वर्षी हस्त बहार धरायचा विचार करा. फळं कोरड्या हवेत वाढतात, तेल्याला सवड मिळत नाही.

“बाग जाईल का?”

“तीन झाडांवर सापडलाय. तीनशे झाडांवर सापडला असता तर मी वेगळं बोलले असते. तुम्ही चार दिवसांपूर्वीच खूण केली म्हणून तीन आहेत.”

माझ्याकडे याहून मोठं आश्वासन नव्हतं आणि खोटं मला द्यायचं नव्हतं. जिवाणू पानाच्या आत शिरला की त्याला तिथून हुसकावून काढणारं औषध नाही. जे आहे ते बाहेरच्या पानांना वाचवण्यासाठी. म्हणून तर ओळखायला एक दिवसाचा उशीरही महाग पडतो.

आणखी सहा फोन झाले. दोन तेल्या, एक फुलकिड्यांनी खरवडलेली साल, एक खवड्या, दोघांबाबत ‘नमुना पुन्हा आणा’.

संध्याकाळी ६.४५

काचपट्ट्या उकळत्या पाण्यात, वापरलेल्या बशा दाबपात्रात, टेबल स्पिरिटने पुसलेलं. सकाळचे बूट हायपोक्लोराइटच्या टबात उभे करून ठेवले. उद्या दुसरी बाग आहे, तिथे आजच्या बागेतलं काही न्यायचं नाही. एवढी दक्षता मी स्वतः पाळली नाही तर छाटणीच्या टोळीला कुठल्या तोंडाने सांगू? यंदा दिवाळीनंतर तालुक्यातल्या टोळ्यांना बोलावून कात्री निर्जंतुक करायचं प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलंय. हातात बुडवायचा डबा आणि पुडी देऊनच पाठवायचं, नुसतं व्याख्यान नको. वहीच्या मागच्या पानावर डब्यांची संख्या लिहून ठेवली. चाळीस.

रात्री ९.२०

जेवण झालं होतं. पाऊस संध्याकाळीच थांबलेला. फोन वाजला, ताईंचा.

उघडीप मिळाल्यावर पानं सुकेपर्यंत थांबल्या, मग जावेला घेऊन बॅटरीच्या उजेडात बागेत शिरल्या. तीन झाडांची दीडशेच्या वर फळं काढली, दोन गोण्या भरल्या, खड्डा उद्या सकाळी दीर खणून देतील. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी सांगितली नव्हती. बॅटरी पानाच्या मागून धरून एकेक झाड बघत गेल्या. उजेडाने ठिपका चमकतो ना, म्हणाल्या, सकाळी तुम्ही आभाळाकडे धरलं तसं.

आणखी चार झाडांवर सापडलं. अगदी बारीक, टाचणीएवढं. दिवसा दिसलं नसतं.

“चिंध्या बांधल्या का?”

“दोन झाडास्नी बांधल्या. लाल कापड संपलं.” क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, “उरलेल्या दोन झाडास्नी पिवळी बांधली तर चालंल न्हवं?”

“चालेल,” म्हटलं.